पुटपुटणं म्हणजे आळस नव्हे

ऑपेराचे गायक तालमीत नुसते पुटपुटतात, हा आळसच, असं कुणीतरी लिहिलंय. नाही हो! त्याला मार्किंग म्हणतात. वरचे सूर सप्तकभर खाली घ्यायचे, बाकीचं अर्ध्या आवाजात. प्रयोगात माइक नसतो. ६०-७० वाद्यांच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो. तो रोजच्या तालमीत उधळला तर पहिल्या प्रयोगाला घसा बसलेलाच.

नवं ऑपेरा उभं राहताना सुरुवातीचे आठवडे साथीला फक्त पियानो. सेटही नसतो, जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या: ही भिंत, हा जिना. एकदा मी गाण्याच्या भरात पट्टीवरून सरळ पुढे गेले, तर दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, "तुम्ही आत्ता भिंतीतून आलात." त्यात ते म्हणणार प्रियकराच्या डोळ्यांत बघा, आणि ऑर्केस्ट्राला ताल देणारे कंडक्टर म्हणणार माझ्याकडे बघा. मग कंडक्टर दिसतो त्या विंगेतल्या मॉनिटरवर चोरून नजर टाकायची.

सिट्झप्रोबला, म्हणजे बसून करायच्या तालमीला, मात्र अभिनय नाही, वेशभूषा नाही. सगळ्यांनी खुर्च्यांवर बसून ऑर्केस्ट्राबरोबर पहिल्यांदा गायचं. त्या दिवशी मी कधीच मार्किंग करत नाही.