इंदिरा गांधींची आर्थिक धोरणे : विचारसरणी की सत्तेची गरज?

मूळ मांडणी
इंदिरा गांधींना समाजवादी म्हणण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यांचे निर्णय कालक्रमाने मांडून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. जून १९६६ मध्ये त्यांच्याच सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले आणि डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. जुलै १९६९ मध्ये पक्षातील ज्येष्ठांशी संघर्ष विकोपाला गेल्यावर मोरारजी देसाईंचे अर्थखाते त्यांनी काढून घेतले आणि तीनच दिवसांत १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. पुढे १९८१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मोठे कर्ज घेतले गेले. या साऱ्यात मला सत्तेच्या गरजेखेरीज दुसरे सूत्र सापडत नाही.

विरोधी प्रतिसाद
तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. बँकांवरील सामाजिक नियंत्रण आणि संस्थानिकांच्या सवलती रद्द करणे हे दोन्ही मुद्दे काँग्रेसच्या १९६७ च्या दहा कलमी कार्यक्रमात होते, म्हणजे १९६९ मध्ये पक्ष फुटण्यापूर्वीच. शिवाय १९७१ मध्ये ३५२ जागा मिळाल्यावर पक्षात त्यांना आव्हान देणारे कोणी उरले नव्हते. तरीही संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे घटनादुरुस्तीने बंद झाले, सर्वसाधारण विमा आणि पाठोपाठ कोळसा खाणी सरकारकडे आल्या. ही कोणती गरज होती? अवमूल्यनाचे म्हणाल, तर दुष्काळ आणि परकीय मदतीवरचे अवलंबित्व यांनी ते लादले होते.

मूळ मांडणीला दुजोरा
मग कामगारांचे काय? मे १९७४ चा रेल्वे संप ज्या कठोरपणे मोडला गेला, त्याच वर्षी वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत अडकवला गेला आणि आणीबाणीत किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला, ते पाहता ‘गरिबी हटाव’ नेमकी कोणाची, हा प्रश्न पडतो.

विरोधी प्रतिसादकाचे उत्तर
हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यामुळे मी माझी मांडणी सुधारतो. सूत्र समाजवादाचे नव्हे, राज्यसंस्थेच्या पकडीचे होते, आणि ही पकड भांडवलदाराइतकीच कामगार संघटनेवरही होती. मुंबईच्या गिरणी संपात हे लख्ख दिसते : १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, पण संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या संघटनेशी तडजोड केली नाही.