पुलाखालची सैल वाळू : द्रवीकरणाची तपासणी करावी का?

प्रश्न : धाराशिव जिल्ह्यात तेरणाकाठी एका पुलाचे काम आमच्याकडे आहे. जुन्या पात्राजवळच्या बोअरमध्ये वर तीन मीटर काळी माती, तिच्याखाली आठ मीटरपर्यंत बारीक सैल वाळू आणि मग मुरूम व बेसॉल्ट लागला. सहा मीटरवर एसपीटीचे (ठोके मारून मातीचा घट्टपणा मोजणारी चाचणी) सर्व दुरुस्त्यांनंतरचे एन मूल्य, म्हणजे ठोक्यांची संख्या, ८ आले. मे महिन्यात भूजल पाच मीटर खोलीवर होते. किल्लारीच्या भूकंपात द्रवीकरण झाल्याचे, म्हणजे हादऱ्यांनी पाण्याने भरलेली वाळू पातळ झाल्याचे, कोणी सांगत नाही, मग ही तपासणी आवश्यक आहे का?

प्रतिसाद १ : नक्की करावी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी. त्यावरून नदीकाठच्या वाळूबद्दल काहीच ठरत नाही. चिकट काळी माती सहसा द्रवीभूत होत नाही, परंतु तिच्याखालची पाण्याने भरलेली सैल वाळू होऊ शकते.

आपलेच आकडे घेऊ. मातीचे वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन, भूकंपप्रवण क्षेत्र (झोन) तीनचा गुणांक ०.१६ आणि भूकंपाची तीव्रता (मॅग्निट्यूड) ६.५ धरली, तर वाळूची प्रतिकारक्षमता साधारण ०.१४ येते. पाणी पाच मीटरवर असताना भूकंपाची मागणी, म्हणजे वाळूवर येणारा ताण, ०.११; म्हणून सुरक्षा गुणांक (प्रतिकार भागिले मागणी; एकपेक्षा कमी म्हणजे धोका) सुमारे १.२७. बंधारा भरून पाणी एक मीटरवर आले की तीच मागणी ०.१७ होते आणि गुणांक ०.८ च्या खाली जातो. मे महिन्यातल्या पातळीवर विसंबून अहवाल लिहिणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते. पावसाळ्यानंतरची पातळी विहिरींवरून मोजा. चाळणीत बारीक गाळाचे प्रमाणही पाहा, कारण त्यानुसार प्रतिकार बदलतो.

प्रतिसाद २ : वरील मताशी सहमत आहे. १९६४ मध्ये जपानच्या निगाता येथे शोवा पुलाचे गाळे नदीत कोसळले, आणि त्यामागे द्रवीकरणाने पाइलांचा (जमिनीत खोल गेलेल्या पायाच्या खांबांचा) आधार सुटणे हे महत्त्वाचे कारण मानले जाते. काठाकडच्या अॅबटमेंटजवळ (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीजवळ) माती नदीच्या दिशेने सरकते, म्हणून तेथे स्वतंत्र बोअर घ्याच. आयआरसी एसपी ११४ आणि आयएस १८९३ भाग १ ही भूकंपरोधक रचनेची भारतीय मानके पाहून त्या वाळूथराचा पाइलला मिळणारा बाजूचा आधार गणनेतून वगळा, पुराने होणारी खरवड (पायाजवळची माती वाहून जाणे) त्यात धरा आणि पाइल बेसॉल्टमध्ये पुरेशी रोवा. आठ मीटरवर खडक लागत असताना हा खर्च टाळण्याचे कारण मला दिसत नाही.