‘फ्लाय’ला ‘माशी’ म्हणावं का?

प्रश्न : कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, कॅम्लूप्सच्या आसपासच्या छोट्या तळ्यांवर रेनबो ट्राउट मासे धरतात. त्यावरचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘फ्लाय फिशिंग’ला, म्हणजे गळावर किड्याची नक्कल बांधून मासा धरण्याला, ‘माशी-मासेमारी’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘हॅच’ला काय म्हणावं?

– ‘मासेमारी’ नको. त्यात जाळं, होडी, बाजार सगळं आलं. एकेक मासा गळाने धरायला कोकणात ‘गरवणं’ हे क्रियापद आहे; गरी म्हणजे गळ. ‘फ्लायने ट्राउट गरवणं’ असं सरळ लिहा. तळी मात्र ‘तळी’च ठेवा, ‘सरोवर’ म्हटलं की फार मोठं पाणी डोळ्यांसमोर येतं.

– गरवणं मान्य. ‘माशी’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्या तळ्यांत ट्राउटचं एक मुख्य खाणं म्हणजे कायरोनोमिड. दिसायला डासासारखं, पण न चावणारं चिलट. त्याची अळी तळाच्या चिखलात राहते. तिथे प्राणवायू कमी, म्हणून अनेक जातींच्या अळ्यांत हिमोग्लोबिन असतं आणि त्या लालभडक दिसतात. अळीचा कोष झाला की त्याच्या आवरणाखाली वायू साठतो, तो चांदीसारखा चमकू लागतो आणि हळूहळू वर सरकतो. ट्राउट त्याला याच वाटेवर गाठतो. म्हणून गळावर दोरा, तार आणि डोक्याशी पांढरा मणी बांधून त्या कोषाची नक्कल करतात, आणि तरंगत्या खुणेखाली ती तळापासून फूटभर वर लोंबती ठेवतात. या वस्तूचं नाव ‘फ्लाय’. ती उडत नाही, पाण्यावरही येत नाही. जळू आणि गोड्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची नक्कल केली तरी तिलाही फ्लायच म्हणतात! ‘माशी’ वाचून मराठी वाचक पाण्यावर बसलेला किडा शोधत राहील. ‘फ्लाय’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावा.

– मग साध्या गळापेक्षा ही पद्धत वेगळी कशी, तेही त्याच वाक्यात यायला हवं. आपण शिशाच्या वजनावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, लांब फेकतो. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. तिथे जाड दोराचंच वजन काठीला वाकवतं आणि पुढे जातं, फ्लाय त्याच्यामागून जाते. शेवटचा बारीक तुकडा तेवढा तंगूसाचा.

– ‘हॅच’ला ‘अंडी फुटणं’ लिहू नका. इथे अंड्याचा संबंध नाही. पाण्याच्या पृष्ठाशी आलेल्या कोषातून पंखवालं चिलट बाहेर पडतं. ‘चिलटं निघाली’ एवढं पुरे. डॅमसेलफ्लायला मात्र आपला सुंदर शब्द आहे, ‘टाचणी’. तिची पिल्लं उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाकडे पोहत येतात, तेव्हा ट्राउटही उथळात येतो.

– ‘रेनबो’चं ‘इंद्रधनुषी’ करू नये असं मला वाटतं. अंगावर सात रंग नसतात, कुशीवर गुलाबी पट्टा असतो. शास्त्रीय नाव देणार असाल तर ‘ऑन्कोऱ्हिंकस मायकिस’ द्या. जुन्या पुस्तकांत ‘साल्मो गेर्डनेरी’ सापडेल. 1989 मध्ये हा मासा पॅसिफिक सामनच्या प्रजातीत (जीनसमध्ये) गेला. ‘मायकिस’ हे नाव रशियाच्या कामचाटकातल्या स्थानिक शब्दावरून आलं आहे.

– प्रश्नकर्ती : ‘फ्लाय’, ‘गरवणं’, ‘टाचणी’ घेते. पुढचा प्रश्न : फ्लाय बांधणाऱ्याला ‘बांधणारा’ म्हणावं, की ‘वळणारा’?