निरीक्षणगृहात काम करणाऱ्या समुपदेशकाला सुपरव्हिजन कोणाकडे मिळेल?

डोंबिवली_लोकल: नमस्कार. मी मुंबईत दोन वर्षे विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांची समुपदेशक म्हणून, चौकशीच्या काळात त्यांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात काम करते. आमच्याकडे वरिष्ठ आहेत, पण महिन्याला किती सत्रे झाली आणि नोंदवही पूर्ण आहे का, यापलीकडे त्या काही विचारत नाहीत. ज्या मुलाशी मी सहा आठवडे बोलते आहे, त्याच्याच प्राथमिक मूल्यांकनाचा (त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठीच्या तपासणीचा) अहवाल आता मला लिहायला सांगितला आहे. “ताई, हे लिहून नका घेऊ” असे म्हणून त्याने मला जे सांगितले, त्याचे काय करायचे हे विचारायला माझ्याकडे कोणी नाही. अशा कामाचे सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या केसेसबद्दल अनुभवी व्यक्तीशी नियमित चर्चा व मार्गदर्शन, कोणाकडे आणि किती वेळा घ्यावे?
(संपादित: मुलाचे वय व आरोपाचा तपशील काढला.)

चाफा: तपशील काढलात ते योग्य केले, मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. सुपरव्हिजनचे नंतर पाहू, आधी अहवाल. कलम १५ खालील मूल्यांकनात मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती पाहायची असते; गुन्हा केला की नाही हे तिथे ठरत नाही, त्यामुळे त्याची कबुली अहवालात येण्याचे कारणच नाही. बाल न्याय मंडळात (मुलांची प्रकरणे ऐकणाऱ्या मंडळात) बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पण तो तज्ज्ञ म्हणजे त्या मुलावर उपचार करणारी व्यक्तीच असली पाहिजे, असे नाही. “मी या मुलाची समुपदेशक आहे, मूल्यांकन दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे द्यावे,” असे लेखी द्या. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा: त्याने सांगितलेल्यात कोणा बालकाच्या लैंगिक शोषणाची गोष्ट असेल, तर पॉक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ नुसार ती कळवावीच लागते, आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगायला हवे असते.

जुना_समाजकार्यकर्ता: चाफा यांच्याशी सहमत. सुपरव्हायझर तुमच्या संस्थेबाहेरचा असावा. जो तुमच्या नोकरीतील कामाचा गोपनीय अहवाल लिहितो, त्याच्यासमोर “मला या मुलाची भीती वाटते” किंवा “मला त्याचा फार लळा लागला आहे” हे कोणी बोलत नाही, आणि मुळात बोलायचे असते तेच. नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा, पण तेवढ्याने भागत नाही. तुरुंग किंवा न्यायालयातील कामाचा अनुभव हवाच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात आहे. तिथल्या लोकांना विचारल्यास योग्य नाव कळू शकेल. पंधरवड्याला एक तास ठरवा, आणि गोपनीयतेच्या मर्यादा व धोक्याच्या प्रसंगी कोणाला कळवायचे, हे आधी लिहून घ्या. (लोकलमध्ये इअरफोन लावून केसची चर्चा करणारे मी पाहिले आहेत. कृपया ते करू नका.)

माझ्या पहिल्या सुपरव्हायझर बाईंनी मुलाविषयी काही न विचारता आधी विचारले होते, “खोलीत तू कुठे बसतोस, आणि शिपाई कुठे उभा असतो?” असे विचारणारी व्यक्ती मिळाली, तर फीसाठी फार घासाघीस करू नका.

डोंबिवली_लोकल: दोघांचेही आभार. शिपाई दारातच असतो, आणि मुलगा त्याच्याकडे पाठ करून बसतो. हे मला आज पहिल्यांदा जाणवले. पत्र दिले आहे आणि पोच घेतली आहे.