टाकी तळाला, तरी अर्धी असली की जीएम कमी का धरायचा?

निपाणीकर_कॅडेट
जहाजावरच्या सेकंड मेटच्या (अधिकाऱ्याच्या) परीक्षेची तयारी चालू आहे. डबल बॉटममधलं (जहाजाच्या दुहेरी तळातल्या टाक्यांमधलं) पाणी म्हणजे तळाला वजन, मग जहाज जास्त स्थिर व्हायला पाहिजे. तरी टाकी अर्धी असली की जीएम (जहाज किती स्थिर आहे ते सांगणारं माप) कमी धरायला सांगतात. पाणी थोडंच असेल तर तोटाही थोडाच ना?

खानापूर_चीफमेट
नाही भावा. तळाला वजन आलं की 'जी', म्हणजे जहाजाचा गुरुत्वमध्य, खाली येतो, हे बरोबर. पण जहाज कललं की अर्ध्या टाकीतलं पाणी खालच्या बाजूला धावतं, 'जी'ला तिकडेच ओढतं आणि जीझेड (जहाजाला परत सरळ करणाऱ्या जोराचा हात) आखूड होतो. हिशोबात आपण हे 'जी' वर चढल्यासारखं मांडतो. टाकी तळाला आहे की डेकवर, पाणी हातभर आहे की पुरुषभर, लहान कोनात या तोट्याला काही फरक पडत नाही. फरक पडतो रुंदीने, तोही घनाने.

तोटा असा काढायचा: टाकीची लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले १२. त्याला द्रवाच्या घनतेने गुणायचं, विस्थापनाने (जहाजाच्या मालासकट एकूण वजनाने) भागायचं. विस्थापन ५००० टन, टाकी १२ मीटर लांब, १० मीटर रुंद, आत समुद्राचं पाणी (१.०२५) धर. तोटा ०.२०५ मीटर. मूळ जीएम ०.३० असेल तर उरला ०.०९५, आणि आयएमओची (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची) किमान अट ०.१५ ची. त्याच टाकीत मधोमध उभी उभारलेली लांबीची भिंत असेल तर दोन्ही भागांचा मिळून तोटा ०.०५१, म्हणजे चौथाई.

फेरीबोटीच्या गाड्यांच्या डेकवर अशी भिंत नसते. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' पुढचं दार उघडं ठेवून निघाली, त्या डेकवर पाणी शिरलं आणि काही मिनिटांत ती आडवी झाली. १९३ माणसं गेली. रुंदीचा घन म्हणजे काय, ते तिथे दिसतं.

बेळगाव_बॅलास्ट
भिंतीचा फायदा क्रॉसओव्हर व्हॉल्व्ह (दोन्ही बाजूंच्या टाक्या जोडणारा) बंद असेल तरच. तो उघडा राहिला तर डावी-उजवी टाकी एकच होते आणि कागदावरचा जीएम खोटा ठरतो. कंट्रोल पॅनलवरच्या दिव्यावर विसंबू नका, साउंडिंग घ्या, म्हणजे टाकीतल्या पाण्याची खोली मोजा. बॅलास्ट (तोलासाठीचं पाणी) घेताना एका वेळी एकच जोडी उघडा. ९८ टक्क्यांच्या खाली असलेली टाकी हिशोबात अर्धीच समजा.

चिकोडी_टँकरवाला
रस्त्यावरही हेच. मळीच्या नाहीतर इथेनॉलच्या टँकरमधले आडवे पडदे ब्रेक मारल्यावरची पुढची धडक अडवतात, बाजूचा झोका नाही. माल कमी असेल तर सगळे कप्पे अर्धे-अर्धे ठेवू नका. ॲक्सलचं वजन बघून काही काठोकाठ भरा, बाकीचे पूर्ण रिकामे. काठोकाठ म्हणजे माल फुगायला लागणारी जागा सोडूनच. तवंदी घाटात वेग वळणाच्या आधीच उतरवायचा.

निपाणीकर_कॅडेट
आता समजलं सर. पण जीएम उणे होऊन जहाज लोलमध्ये गेलं (सरळ न राहता एका अंगाला कलून थांबलं), तर डबल बॉटम कुठल्या बाजूचा आधी भरायचा? वर उचललेल्या बाजूचा ना?

खानापूर_चीफमेट
अजिबात नाही. वरची बाजू भरलीस तर जहाज सरळ होऊन थांबत नाही. झटक्याने दुसऱ्या अंगावर पडतं, आधीपेक्षा जास्त कोनात, आणि त्या हिसक्याने माल सुटतो. आधी ज्या अर्ध्या टाक्या गच्च भरता येतील त्या भरून घे. मग खाली गेलेल्या बाजूची, सगळ्यात अरुंद टाकी. सुरुवातीला कोन थोडा वाढेल, कारण तूच नवा मोकळा पृष्ठभाग तयार केलास. तिथे घाबरून पंप बंद करायचा नाही. ती गच्च झाली की मगच समोरची.