दोन लिफ्ट असूनही सकाळी रांग, काय करावं?

प्रश्न: दादरला २२ मजली टॉवर. दोन लिफ्ट, बटणं वेगवेगळी. लोक दोन्ही दाबतात, दोन्ही एकाच मजल्यावर येतात. नवी लिफ्ट न बसवता उपाय?

उत्तर १: डुप्लेक्स करून घ्या. दोन्ही कंट्रोलर (लिफ्ट चालवणारे नियंत्रक) केबलने जोडायचे, मजल्यावर एकच सामायिक बटण. सोयीची असेल तीच लिफ्ट येते. जुनं रिले पॅनेल (विद्युत-स्विचांवर चालणारं कंट्रोलर) असेल तर ते बहुधा बदलावं लागेल.

उत्तर २: लोड सेलही (लिफ्टमधलं वजन मोजणारा सेन्सर) तपासा. लिफ्ट साधारण ८० टक्के भरली की मजल्यांवरून बटण दाबून आलेले कॉल सोडून थेट खाली जायला हवी. सेटिंग सरकलं की भरलेली लिफ्ट उगाच मजल्यामजल्यावर दार उघडत बसते. (दारात पिशवी अडकवणाऱ्या दूधवाल्यावर मात्र प्रोग्रॅम नाही!)

उत्तर ३: सकाळी रिकामी लिफ्ट १४-१५व्या मजल्यावर पार्क करा, संध्याकाळी तळमजल्यावर. दार उघडं राहण्याची वेळ कमी करायची तर आधी लाइट कर्टन (दारात कोणी आलं की दार बंद होऊ न देणारे किरणांचे सेन्सर) बसवा.