तस्कनीतील पांढऱ्या मुरुमाच्या रस्त्यांवर वडिलांसोबत सायकलप्रवास : सायकल आणि मार्ग यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

सप्टेंबरच्या अखेरीस मी आणि माझे वडील इटलीतील तस्कनी प्रांतात, सिएना शहराच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर आठवडाभर सायकल चालवण्याचे ठरवत आहोत. द्राक्षमळे, गव्हाची शेते आणि टेकड्यांवरची तटबंदीची गावे यांमधून जाणाऱ्या या पांढऱ्या मुरुमाच्या रस्त्यांवर मोटारी फारच कमी असतात. यांपैकी काही भाग फ्रान्चिजेना या जुन्या यात्रामार्गाला लागून आहे. कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक यांनी इ. स. ९९० मध्ये रोमहून परतताना आपले मुक्काम लिहून ठेवले, आणि त्या यादीवरून हा मार्ग आजही आखता येतो. वडिलांना मध्ययुगीन इतिहासाची मनापासून आवड आहे; त्यामुळे अंतर कापण्यापेक्षा वाटेत थांबत, पाहत जाणे हा आमचा हेतू आहे.

वडील चौसष्ट वर्षांचे आहेत, नियमित सायकल चालवतात आणि लांब चढ शांतपणे चढतात. मात्र सैल खडीच्या तीव्र उतारावर त्यांना सायकलवर भरवसा वाटत नाही. त्यांची स्टीलची जुनी टूरिंग सायकल आहे. तिला पुढे तीन चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रे) असून सर्वांत लहान २८ दात्यांची आहे, मागच्या कॅसेटचे (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचाचे) सर्वांत मोठे चक्र ३२ दात्यांचे आहे, ब्रेक रिमवर लागणारे आहेत आणि टायर ३२ मिमी रुंदीचे आहेत; फ्रेममध्ये ३५ मिमीचे टायर कसेबसे मावतात. माझी ग्रॅव्हल (म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची) सायकल डिस्क ब्रेकची, ४० मिमी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरची असून तिला पुढे ४० दात्यांची एकच चेनरिंग आणि मागे ११ ते ४२ दात्यांची कॅसेट आहे.

आमच्यापुढे मुख्य प्रश्न असा आहे की, वडिलांनी आपली ओळखीची सायकल न्यावी की तेथे रुंद टायरची, डिस्क ब्रेकची सायकल भाड्याने घ्यावी? त्यांचा स्वतःचा कल पहिल्या पर्यायाकडे आहे आणि तो डावलण्याची माझी इच्छा नाही, पण उतारांची काळजी वाटते. दुसरा प्रश्न मार्गाचा आहे. गायोले इन किआन्ती या गावातून सुरू होणारा, ‘लेरोइका’ या जुन्या सायकलींच्या फेरीचा वर्षभर खुला असलेला, खुणांच्या पाट्या लावलेला सुमारे २०९ किमीचा फेरा सामान घेऊन टप्प्याटप्प्याने करावा, की एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून रोज छोटे फेरे मारावेत? या रस्त्यांवर प्रत्यक्ष सायकल चालवलेल्यांनी सविस्तर लिहिल्यास फार उपकार होतील.

प्रतिसाद १

आपल्या वडिलांची सायकल नेण्यास माझे स्पष्ट अनुमोदन आहे, परंतु काही बदल करून.

‘लेरोइका’ ही सायकलफेरी १९९७ मध्ये सुरू झाली ती हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत या आग्रहातून, आणि तीत १९८७ पर्यंत बनलेल्या रोड सायकलीच चालतात. अरुंद टायर, पेडलवरचे पट्टे आणि फ्रेमच्या खालच्या नळीवरच्या गिअर बदलण्याच्या दांड्या घेऊन हजारो लोक हेच चढउतार पार करतात. तेव्हा जुनी स्टीलची सायकल या रस्त्यांना अपुरी नाही.

गिअरच्या बाबतीत तर वडिलांची सायकल आपल्या सायकलीपेक्षा सरस आहे. २८ ला ३२ ने भागल्यास ०.८७५ येतात, आपले ४० भागिले ४२ म्हणजे ०.९५; हा आकडा जितका लहान, तितका गिअर हलका. पेडलचे मिनिटाला साठ फेरे धरले तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये ते ताशी सात किमीच्या किंचित आत असतील, तर आपल्याला साडेसातचा वेग राखावा लागेल. आकडा छोटा दिसतो, पण तेथे बारा ते पंधरा टक्क्यांचे चढ वारंवार येतात, आणि सैल मुरुमावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागच्या जागी फिरते. बसूनच चढावे लागते. शक्य असल्यास आपणच ३६ दात्यांची चेनरिंग बसवून घ्यावी.

याच कारणासाठी सामानासह फेरा करू नये. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो वजन बारा टक्क्यांच्या चढावर ताशी सात किमीने नेण्यास, केवळ उंची गाठण्यापुरते, सुमारे १९० वॅट लागतात. दहा किलो सामान वाढले की आणखी वीसहून अधिक वॅट. चौसष्टाव्या वर्षी ही भर दिवसभर जाणवते, आणि उतारावर तेच वजन ब्रेकवर येते.

आता उतारांविषयी, कारण आपली खरी चिंता तीच आहे. वडिलांच्या सायकलला ३५ मिमीचे टायर बसवावेत, पण त्याआधी फ्रेम आणि टायर यांमध्ये दोन्ही बाजूंनी निदान चार मिमी जागा उरते का ते मोजावे. तेवढी जागा नसेल तर ३२ मिमीच राहू द्यावेत. ट्यूब असल्यास ४५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास हवा ठेवावी. जास्त हवेचा टायर खड्यांवरून उसळतो आणि नेमक्या वळणावर पकड सोडतो. रिमच्या कडेवरील झिजेची खूण तपासावी, ब्रेकचे पॅड नवे घालावेत व रोज संध्याकाळी त्यांत रुतलेले खडे काढावेत, कारण ती बारीक चुनखडीची धूळ रिम घासून काढते.

चालवताना मोटारींच्या चाकांनी दाबून टणक केलेल्या चाकोरीतच राहावे. सैल खडी मधल्या उंचवट्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते. वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करावा. वळणात पुढचा ब्रेक दाबू नये. जेथे पृष्ठभागावर आडव्या लाटा उठलेल्या असतात, तेथे हँडल सैल धरून वजन पेडलवर घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतारावर वडिलांनी पुढे जावे, आपण अंतर ठेवून मागे. पुढच्याला गाठण्याच्या नादात सावध स्वारही आपल्या सोयीपेक्षा वेगाने उतरतो.

मुक्कामासाठी बुओनकोन्वेन्तो किंवा असियानो निवडावे. दोन्ही गावांत रेल्वे स्थानक असल्याने थकवा आल्यास सिएनाला परतता येते. प्रादेशिक गाड्यांपैकी सायकलचे चिन्ह असलेल्या गाडीतच सायकल नेता येते. बुओनकोन्वेन्तो हे लहान तटबंदीचे गाव आहे. १३१३ मध्ये सम्राट सातवा हेन्री तेथे मरण पावला. जवळच्या मोन्ताल्चिनो येथे, १५५५ मध्ये सिएना पडल्यावर, निर्वासित सिएनावासीयांनी आपले प्रजासत्ताक १५५९ पर्यंत टिकवून धरले. वडिलांना हा परिसर सोडवणार नाही.

प्रश्नकर्ता

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. उतारावर पुढे कोणी राहावे हा मुद्दा माझ्या मुळीच लक्षात आला नव्हता, आणि वडिलांना तो वाचून दाखवताच त्यांना मोठा दिलासा मिळाला. मुक्काम बुओनकोन्वेन्तोला ठेवतो. दोन गोष्टी राहिल्या : पाऊस आला तर काय करावे, आणि असियानोच्या उत्तरेचा मोन्ते सान्ते मारिएचा कच्चा टप्पा वडिलांनी करावा का? तेथील मातीच्या टेकड्या पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे.

प्रतिसाद २

मोन्ते सान्ते मारिएचा टप्पा सुमारे साडेअकरा किमीचा आहे. २००७ पासून होणाऱ्या ‘स्त्रादे बियांके’ या व्यावसायिक शर्यतीत तो निर्णायक मानला जातो, आणि ही शर्यत तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलाराचे नाव त्याला दिले गेले आहे. लागोपाठचे आखूड पण अतिशय तीव्र चढउतार हे त्याचे वैशिष्ट्य. माझ्या मते वडिलांनी तो अवश्य करावा, परंतु कोरड्या दिवशी, सकाळी ताजेतवाने असताना, आणि सर्वांत तीव्र उतारांवर निःसंकोच पायउतार होऊन. ‘क्रेते सेनेसी’चा तो उघडा, राखाडी मातीचा प्रदेश चालतानाही तितकाच विलक्षण दिसतो, किंबहुना उतारावर नजर रस्त्याला खिळलेली असल्याने स्वाराला तो दिसतच नाही.

पावसाबाबत मात्र कठोर राहावे. मुख्य पांढरे रस्ते चुनखडीच्या खडीचे असल्याने पाण्याचा निचरा लवकर होतो, पण शेतांमधून जाणाऱ्या मातीच्या वाटांवर चिकणमाती चाकाला लपेटून बसते, आणि ज्या सायकलीत टायरभोवती चार-पाच मिमीच जागा आहे तिचे चाक पाहता पाहता जाम होते. ओल्या रिमवर ब्रेकची पकडही कमी होते. पावसानंतरचा दिवस डांबरी रस्त्याने पिएन्झा किंवा सान क्विरिको दोर्चाकडे काढावा. हा ओर्चा खोऱ्याचा भाग २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि सान क्विरिको सिगेरिक यांच्या मुक्कामांपैकी एक आहे.

एक जोड द्यावीशी वाटते. इटलीत सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा रानातून जाणाऱ्या वाटांवर भडक रंगाचे कपडे असू द्यावेत. गावाबाहेर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सायकलस्वाराला परावर्तक जाकीट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. किल्ले, चर्च पाहत थांबणाऱ्यांना हमखास उशीर होतो, म्हणून दिवे आणि जाकीट रोज सोबत बाळगावे.